बोट थांबवणार कोण? नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

स.न.वि.वि.

परीक्षा आटोपल्या की नाशिककरांच्या घरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. त्यांचा कार्यक्रमही आता ठरून गेला आहे. सकाळी मिसळ, मग पंचवटी किंवा त्र्यंबक, दुपारी ऊन कलेपर्यंत पंख्याखाली लोळण, आणि पाच वाजले की गाड्या गंगापूर धरणाच्या रस्त्याला. कोणी बोट क्लबवर जातं, कोणी सोमेश्वरला थांबतं. कोणाच्या ओळखीचं फार्महाऊस असतं, तिथे बॅकवॉटरला दोन कायक आणि एक फायबरची होडी बांधून ठेवलेली असते. इगतपुरीकडे उतरलेले लोक भावली, दारणा, मुकणे, वैतरणा यांपैकी कुठल्या तरी काठाला लागतात. हे पत्र या पाचनंतरच्या दोन तासांबद्दल आहे.

बोटिंगच्या सुरक्षेचा विषय निघाला की बोलणं परवाना आणि लाइफ जॅकेट इथपर्यंत येऊन थांबतं. दोन्ही हवेतच, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. पण उन्हाळ्यातला धोका वेगळा आहे. वादळी वारा ज्या वेळी सुटतो तीच गिऱ्हाइकाची वेळ असते. आणि त्या वेळी बोट सोडायची की नाही हे ठरवतो तो माणूस, ज्याचा दिवसाचा रोज त्याच फेरीवर असतो. ही गाठ बोटवाल्याला सुटणार नाही आणि पर्यटकालाही नाही. ती आपल्या एका आदेशाने सुटू शकते, म्हणून हे पत्र आपल्याला.

इथला मे महिना आपण अनुभवला असेलच. सकाळी धरणाचं पाणी हलतही नाही. दुपारभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते. हवेत ओल असेल तर तीन-चारच्या सुमारास क्षितिजावर पांढरे ढग उंच वाढायला लागतात आणि पाचच्या पुढे खालून काळवंडतात. ढगातून पाऊस कोसळताना त्याच्यासोबत थंड हवेचा लोट खाली आदळतो आणि जमिनीलगत चहूकडे पसरतो. हा लोट पावसाच्या पुढे धावतो, कधी कधी काही किलोमीटर पुढे. म्हणजे जिथे बोट आहे तिथे डोक्यावर अजून ढगही नसतो. काठावरच्या माणसाला तो 'आहाहा, काय गार वारा सुटला' असा लागतो. दिवसभर घामाने चिकचिकलेली माणसं त्याच वाऱ्यासाठी बोटीकडे वळतात. तिकीट खिडकीवरची रांग नेमकी त्या दहा मिनिटांत वाढते, हे कोणत्याही धक्क्यावर उभं राहून बघता येईल. मोकळ्या पाण्यावर त्या वाऱ्याला अडवायला ना झाड असतं ना भिंत. बघता बघता पाणी उसळायला लागतं, आणि बोट असते बुटक्या काठाची, तीत दाटीने बसलेली माणसं, त्यातली तीन-चार फोटोसाठी उभी.

२१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या फुगवट्यात हेच झालं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात सापडली आणि उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. ती हौशी सहल नव्हती, तो गावकऱ्यांचा जाण्यायेण्याचा मार्ग होता. चालवणाऱ्याला ते पाणी परकं नव्हतं, तरीही बोट उलटलीच.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, आपल्या शेजारी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणांना शोधायला उतरलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. त्याच आठवड्यात आपल्याच इगतपुरीत भावली धरणावर नाशिकरोडची पाच मुलं-मुली बुडाली. तिथे बोट नव्हती, पोहायला उतरलेली मुलं होती. पण महिना तोच. धबधब्यांवर आणि घाटांवर जमावबंदीचे आदेश पावसाळा लागला की निघतात आणि ते योग्यच आहे. पाणी खळाळतं तेव्हा त्याची भीती सगळ्यांनाच वाटते. मे महिन्यात ते खाली गेलेलं, निवांत दिसतं, त्यामुळे त्याच्याकडे ना प्रशासनाचं लक्ष जातं ना आमचं.

गेल्या उन्हाळ्यात एका जलाशयावर भाच्यांना घेऊन गेले होते. जागेचं नाव घेत नाही, कारण तिथे जे आहे ते बहुतेक ठिकाणी आहे. पश्चिमेला ढग भरले होते. बोटवाल्याला विचारलं, "ढग आले की बंद करता का रे?"

"करतो की ताई."

"कधी?"

तो हसला. "ढग काय, मे महिन्यात रोजच येतात. साडेपाच ते साडेसहा, आपला धंदा एवढाच. दुपारी उन्हाचं इकडं कुत्रं फिरकत नाही. मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या बोटीत बसतं. आणि रात्री मालक पेट्रोलचा हिशोब मागतो, ढगाचा नाही मागत."

त्याच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. चार महिन्यांच्या सीझनवर वर्ष काढणारा माणूस रोज संध्याकाळी आपणहून धंदा बुडवेल, ही अपेक्षाच खोटी आहे. पर्यटकाने नाही म्हणावं म्हटलं तर त्याला पाणी कळत नाही, आणि दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलेला माणूस मुलांना 'आज राहू दे' म्हणत नाही. राहिलं प्रशासन.

माझी पहिली मागणी ही आहे. जिथे जिथे परवानगीने बोटी चालतात तिथे १ एप्रिलपासून पावसाळा स्थिरावेपर्यंत दुपारी तीन ते सूर्यास्त एक माणूस नेमावा. बोटीच्या धंद्याशी त्याचा पैशाचा संबंध नसावा. जलसंपदाच्या शाखेतला कर्मचारी असो, ग्रामपंचायतीचा असो की होमगार्ड असो. त्याच्याकडे लाल झेंडा, शिट्टी आणि आपल्या सहीचा लेखी आदेश असावा. झेंडा वर गेला की नवी बोट सुटणार नाही आणि पाण्यात असलेल्या बोटी जवळच्या काठाला लागतील. तिथे कोणाच्या ओळखी चालणार नाहीत. (ओळखी चालतात हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. म्हणूनच आदेश लेखी हवा, म्हणजे त्या गरीब होमगार्डला कागद पुढे करता येईल.)

झेंडा कधी वर न्यायचा हेही त्याच्या मर्जीवर सोडू नये. हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा पुढच्या तीन तासांचा तत्काळ इशारा आला आणि त्यात विजा किंवा ताशी ३० ते ४० किलोमीटरचा वारा असला, की झेंडा वर. इशारा नसला तरी गडगडाट ऐकू आला की झेंडा वर. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात, तेव्हा वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत पडते आहे. मोकळ्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे बोटीत बसलेली माणसंच. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास शांत गेल्याशिवाय झेंडा खाली येऊ नये. आणि तिसरी खूण साध्या डोळ्यांची: लाटांचे शेंडे फुटून पांढरे दिसायला लागले, की फेरी बंद.

दुसरी मागणी पहिलीहून महत्त्वाची आहे, आणि मला भीती आहे की तीच गाळली जाईल. झेंडा वर गेलेल्या संध्याकाळी बोटवाल्याला त्याचा रोज मिळाला पाहिजे. तिकिटामागे पाच-दहा रुपये सुरक्षा निधी म्हणून वेगळे काढले तर मिसळीवर जादा पाव मागवणाऱ्या कुटुंबाला ते कळणारही नाहीत. त्या निधीतून बंद राहिलेल्या संध्याकाळचा ठरावीक रोज चालकाला आणि मदतनिसाला द्यावा, मालकाला नव्हे. तिकीट काढलेल्याला विनातक्रार पैसे परत. हिशोब आपल्या लेखा शाखेतले लोक माझ्यापेक्षा चांगला मांडतील. पण हे झालं नाही तर झेंडेवाला आणि बोटवाला यांच्यात रोज भांडण होईल, दुसऱ्या आठवड्यात झेंडा गुंडाळला जाईल आणि तिसऱ्या आठवड्यात होमगार्ड बोटवाल्याच्याच टपरीवर चहा पीत बसलेला दिसेल. पोट मारणारा नियम चार दिवस टिकत नाही.

त्याच जोडीने सकाळ मोकळी करावी. उन्हाळ्यात साडेसहा ते साडेदहा ही पाण्यावर जाण्याची सर्वांत चांगली वेळ. वारा नसतो, ऊन सोसतं, पक्षी दिसतात. पण बहुतेक तिकीट खिडक्या उघडतात तेव्हा सूर्य डोक्यावर येऊ लागलेला असतो. सकाळच्या फेरीचं भाडं थोडं कमी ठेवलं तर गर्दी आपोआप विभागेल, आणि बोटवाल्याचा संध्याकाळच्या त्या एका तासावरचा भारही उतरेल.

आता इशाऱ्याबद्दल. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांद्याच्या काढणीचे दिवस. शेतात काढलेल्या कांद्याचे ढीग पडलेले असतात, चाळीत माल भरायचा असतो. निफाड, चांदवड, येवल्याकडच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर वादळी पावसाचा इशारा दुपारीच येऊन पडलेला असतो. पिवळा इशारा म्हणजे काय आणि नारिंगी म्हणजे काय, हे तिथल्या शाळकरी पोरालाही सांगता येतं. ताडपत्री कधी काढायची याचा निर्णय तो इशारा बघून होतो. विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं आहे, तेही अनेकांच्या फोनमध्ये असतं. कांदा झाकायला जो निरोप वेळेवर पोहोचतो तो धरणाच्या धक्क्यावर का पोहोचू नये? नवी यंत्रणा लागत नाही. आपल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाने जिल्ह्यातल्या सगळ्या बोटचालकांचे नंबर घेऊन एक यादी करायची आणि इशारा आला की तो तिथे ढकलायचा. या कामाला एक दुपार पुरेल.

आपल्याकडे आणखी एक सोपा मार्ग असतो आणि तो फार मोहात पाडतो: सरसकट बंदी. कुठे काही घडलं की आठ दिवसांत बंदी येते, फलक लागतात, तीन महिन्यांत फलक गंजतात. कृपा करून तसं करू नका. बंदीने बोटी बंद पडत नाहीत, त्या आडबाजूला जातात. मंजूर धक्क्यावर निदान तिकीट फाडलं जातं, चार लोक बघत असतात. फार्महाऊसच्या मागच्या काठावरून सुटलेल्या कायकबद्दल कोणालाच माहिती नसते, आणि काही झालं तर पहिला फोन व्हायलाच वीस मिनिटं जातात. शिवाय मला या जिल्ह्यातली मुलं पाण्यावर गेलेली हवी आहेत. दत्तू भोकनळ आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. विहिरी खोदण्याचं काम केलेला हा मुलगा २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात एकट्याने उतरला. वल्हं त्याच्या हाती आलं ते लष्करात भरती झाल्यावर. एवढी धरणं असलेल्या जिल्ह्यातल्या पोराला वल्हं धरायला सैन्यात जावं लागू नये, असं मला वाटतं. हा विषय वेगळा आहे, पण बंदीचा आदेश टाईप होण्याआधी आठवावा म्हणून इथे घातला.

जॅकेटकडे येते. जॅकेट नाहीत असं आता सहसा होत नाही. असतात, आणि लोक ती घालत नाहीत, किंवा घालतात आणि बोट सुटली की काढतात. का, ते जवळून बघितलं तर कळतं. मे महिन्याच्या उकाड्यात जाड फोमचं जॅकेट म्हणजे अंगावर गोधडी. त्यात ते आधीच्या माणसाच्या घामाने ओलं असतं आणि वास मारतं. बायकांना ओढणी किंवा पदर आत घ्यायचा की बाहेर, हे कोणी सांगत नाही. पट्टा ओढणीवरून आवळला जातो आणि मग टोचतो म्हणून सैल केला जातो. त्या दिवशी माझ्या भाचीला मिळालेल्या जॅकेटची एक क्लिप तुटलेली होती आणि तिथे सुतळी बांधली होती. पोरगी सात वर्षांची, जॅकेट मोठ्या माणसाचं. मी तिच्या दोन्ही खांद्यांवरून जॅकेट धरून वर उचललं तर ते थेट तिच्या कानांपर्यंत आलं. पाण्यात पडली असती तर ती खालून निसटली असती आणि जॅकेट तेवढं वर तरंगलं असतं. आम्ही बोटीत बसलो नाही. भाचा संध्याकाळभर रुसून होता.

खांद्यांवरून उचलून बघण्याची ही तपासणी कोणालाही दहा सेकंदांत करता येते. हनुवटीच्या वर सरकलं तर ते जॅकेट त्या माणसाचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटला दोन मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असतो आणि तो लावायचाच असतो. जॅकेटवर तरंगशक्तीचा आकडा छापलेला असतो. ५० म्हणजे पोहता येणाऱ्याला आधार देणारं, शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणं करेलच असं नाही. आपल्या शांत जलाशयांवर न पोहणाऱ्यांसाठी १०० आकड्याचं हवं. फोमवर रोज कोणी ना कोणी बसतं, ती उन्हात पडून राहतात, फोम दबून कडक होतो आणि मग जॅकेट दिसायला नारिंगी राहिलं तरी तरंगायला निम्मं उरतं. तपासणी पथक आलं की ते जॅकेटांची संख्या मोजतं. संख्येसोबत त्यातली दोन-चार उचलून पाण्यात टाकून, वर वजन ठेवून बघावीत. आणि धुण्याची सक्ती करावी. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण स्वच्छ, सावलीत वाळवलेलं जॅकेट माणूस अंगावर ठेवतो. वास मारणारं मांडीवर घेऊन बसतो.

उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून धोका कमी, असं इथलेही बरेच जण समजतात. पाणी खाली जातं तेव्हा पावसाळ्यात खोल बुडालेले खडक, जुने बांध, झाडांची खोडं पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात. वेगातल्या बोटीचा पंखा त्यांवर आदळला की बोट जागच्या जागी धक्का खाते आणि उभा असलेला माणूस बाहेर फेकला जातो. चालक फेकला गेला तर बोट तशीच गोल फिरत राहते. यासाठी इंजिन बंद करणारी एक दोरी असते, तिचं टोक चालकाने मनगटाला किंवा मांडीला अडकवायचं असतं. ती दोरी इंजिनाच्या मुठीलाच गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे, तपासणीत दिसावी म्हणून. काठावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. आणि नदीचा मूळ प्रवाह असलेली खोल चर तशीच असते, काठापासून चार पावलांवर. पाणी किती खाली गेल्यावर कुठल्या भागात बोट न्यायची नाही, हे जलसंपदाच्या अभियंत्यांना ठाऊक असतं. त्यांनी दर पंधरवड्याला तिथे बोये टाकावेत, नाहीतर निदान लाल कापडाच्या काठ्या रोवाव्यात.

आवर्तनाबद्दल एकच सांगायचं आहे. धरणातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक सिंचनासाठी ठरतं, गावांना कळवलं जातं, वर्तमानपत्रात येतं. खाली सोमेश्वरच्या खडकांवर पाय सोडून बसलेल्या ठाण्याच्या कुटुंबाला ते कळण्याचा मार्ग नाही. तारीख, वेळ आणि विसर्ग एका फळ्यावर खडूने लिहून तिथे ठेवला तरी भागेल.

कायद्यात खरं तर कमी नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ मध्ये झाला. यांत्रिक बोटीची नोंदणी, तिची तपासणी, चालकाचं प्रमाणपत्र आणि विमा, सगळं त्यात आहे. वल्ह्याच्या होड्यांच्या नोंदीचीही तरतूद आहे. राज्यात नोंदणीचं काम सागरी मंडळाकडे असतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरणही २०२१ चं. अडचण अशी की पाणी जलसंपदाचं, काठ ग्रामपंचायतीचा किंवा वन विभागाचा, पर्यटन पर्यटन विभागाचं, बोटीचा कागद मुंबईत आणि बुडालेला माणूस पोलिसांचा. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी अंधार पडताना गच्च भरलेली बोट उलटली आणि २२ माणसं गेली. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथेही क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना जॅकेट नव्हती. नियम दोन्ही ठिकाणी होते. त्या क्षणी काठावर उभं राहून 'ही बोट सुटणार नाही' म्हणणारं कोणी नव्हतं. या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ ने जिल्ह्यात फक्त आपल्याला दिला आहे, म्हणून पत्र पाच ठिकाणी न पाठवता एकाच ठिकाणी लिहिलं.

बचावाचंही थोडक्यात लिहिते. अग्निशमन दल शहरातून निघून धरणाच्या पलीकडच्या काठाला पोहोचेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. श्वास थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटं पुरतात. म्हणजे जो वाचवणार तो तिथेच असला पाहिजे. टाकीत पेट्रोल असलेली आणि भाड्याने न जाणारी एक बोट, लांब दोर आणि हवेच्या रबरी ट्यूब. ट्यूब नसेल तर झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅनही बुडणाऱ्याकडे फेकता येतो. आपल्याकडे विहिरीत पाठीला डबा बांधूनच पिढ्या पोहायला शिकल्या आहेत, तेव्हा हे कोणाला समजावावं लागू नये. बोटवाल्यांना आणि टपरीवाल्यांना छातीदाब आणि तोंडाने श्वास देण्याचं प्रशिक्षण द्यावं. सिव्हिलचे डॉक्टर एका सकाळीत हे शिकवू शकतात. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, गरगरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे अजूनही काठाकाठावर चालतं आणि त्यात तीच चार मिनिटं जातात. आधी श्वास द्यायचा, पाण्याचं नंतर बघायचं. आणि धक्क्यावरच्या फलकावर ११२ आणि १०८ इतक्या मोठ्या अक्षरात लिहावं की घाबरलेल्या माणसाला वाचता येईल. तिथे रेंज येते का, हेही कोणीतरी फोन लावून बघावं. काही काठांवर येत नाही.

पाहुण्यांबद्दल आपण फार करू शकणार नाही, ते आम्हा यजमानांचं काम. वायनरीत दुपार घालवून थेट बोटीत बसणारे असतात. ऊन, दारू आणि पोटात पाणी नाही, अशा माणसाला पाण्यात पडल्यावर पट्टीचं पोहणंही आठवत नाही. तिकीट खिडकीवर त्यांना नाही म्हणण्याचा हक्क लेखी दिला, तर खिडकीवरच्या मुलाला बळ येईल. बाकी फोटोसाठी एका बाजूला गर्दी करू नका, मुलांना बोटीच्या काठावर बसवू नका वगैरे आम्ही सांगू. ऐकतील तेवढे ऐकतील.

सिंहस्थासाठी शहरात बोटी, जीवरक्षक, नियंत्रण कक्ष यांची जमवाजमव होणारच आहे. त्यातली चार माणसं आणि एक बोट उन्हाळ्यात धरणावर फिरवता आली तर वेगळा खर्च मागावा लागणार नाही.

या पत्रावर समिती नेमू नये, अशी विनंती आहे. समितीचा अहवाल येईपर्यंत पावसाळा लागतो. एका धक्क्यावर, गंगापूरला, या मे महिन्यापुरता झेंडा आणि बंद संध्याकाळचा रोज एवढंच करून बघावं. किती संध्याकाळी झेंडा वर गेला, त्यातल्या कितीदा खरंच वादळ आलं, बोटवाल्यांना किती पैसे द्यावे लागले, याची नोंद ठेवून ती जूनमध्ये जाहीर करावी. आकडे बघून दारणा-भावलीचं ठरवता येईल. आदेश निघाला तर त्याची प्रत मराठीत, मोठ्या टाईपात, तिकीट खिडकीच्या शेजारी लावावी आणि खाली त्या दिवशीच्या झेंडेवाल्याचा फोन नंबर असावा.

कळावे,
आपली,
गंगापूर रोडवर राहणारी एक नाशिककर